वरचा मजला लवकरच

आमचा धंदा म्हणजे आधी कळस मग पाया. कॉम्प्युटरवर खेळायचा गेम पुरता तयार व्हायच्या आतच विकायला काढायचा, लोकांनी तो खेळत राहायचं आणि आम्ही मागून एकेक खोली जोडत जायची. याला अर्ली अॅक्सेस म्हणतात. आमच्या गेममध्ये खरोखरच एक घर होतं. खालचे दोन मजले तयार होते. तिसऱ्याच्या दाराला कुलूप आणि त्यावर पाटी, 'वरचा मजला लवकरच'. ती माझ्या दादाने लावली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

घर दादा रंगवायचा, कोड मी लिहायचे. ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. आमच्या डोक्यावर मालकाने आणखी एक मजला बांधायला घेतला होता आणि मध्येच सोडून दिला होता. जिना होता, भिंती होत्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. दादाने गेममधलं घर याच इमारतीवरून बेतलं. त्याच्या खिशात कायम मापाची टेप असायची. सर्रकन ओढायची, खट्कन सोडायची. त्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे. वर जाताना हमखास म्हणायचा, "चल गं, टोक धर जरा." मी कधीच गेले नाही. माझ्यामागे कामं होती.

मग आमचा गेम बाजारात विकणारा पब्लिशर म्हणाला, गेम कन्सोलवर आणा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर. मी हो म्हणून बसले आणि नकटीच्या लग्नाची सतराशे विघ्नं सुरू झाली. कॉम्प्युटरला जे सहज पेलतं, त्याने कन्सोलला धाप लागते. प्रत्येक गोष्ट दोनदा करायची, दोनदा तपासायची. आठ महिने मी तयार खोल्याच घासूनपुसून हलक्या करत होते आणि वरचा मजला राखाडी ठोकळ्यांच्या अवस्थेत पडून होता. जुने खेळाडू रोज विचारायचे, वर कधी? दादा प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायचा, लवकरच. हल्ली हे लिहिताना तो स्क्रीनकडे बघत नसे.

कन्सोलवाल्यांचे नियम ढीगभर. त्यातला एक अगदी साधा होता. खेळता खेळता हातातल्या कंट्रोलरची वायर निघाली, तर गेममधलं सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे. दिव्याची ज्योत, घड्याळ, आवाज, सगळं. तपासणीच्या तीन संधी होत्या. तिसऱ्यांदाही नापास झालो तर पब्लिशर हात वर करणार होता आणि आमचं दुकान बंद.

पहिल्या तपासणीचा अहवाल दोन ओळींचा आला. 'वायर काढल्यावर सगळं थांबतं. वरच्या मजल्यावर पावलं वाजत राहतात.'

वरच्या मजल्यावर पावलं नव्हतीच. आम्ही ती बनवलीच नव्हती.

"तू काही टाकलंस का वर?" मी दादाला विचारलं.

"मला वेळ कुठे ठेवलायस? आठ महिने तुझ्या टीव्हीवाल्यांसाठी पडद्यांच्या सुरकुत्या कमी करतोय."

एखादा जुना आवाज कुठेतरी अडकून राहिला असेल, असं मी धरलं. असं होतं. मी अख्ख्या घरातले पावलांचे आवाज फायलींसकट काढून टाकले. आमचा खेळाडू मांजरासारखा चालायला लागला.

दुसऱ्या तपासणीनंतर कन्सोलवाल्यांच्या टेस्टरने थेट फोनच केला. सौम्य बोलणारा, जरा भिडस्त माणूस.

"मॅडम, अजून येतात हो. सात पावलं. मग थांबतं. मग परत सात."

"टीव्हीचा आवाज बंद करून बघा."

"तो बंद करूनच सांगतोय." तो जरा घुटमळला. "वरून येतात. आणि आमच्या ऑफिसला वरचा मजला नाहीये, मॅडम. वर पत्रा आहे."

फोन स्पीकरवर होता. दादाने ऐकलं, उठला आणि जिना चढून वर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती पावलं होतात, सांगू?"

"नको," मी म्हटलं.

टेस्टरला भास होतात आणि दादाला ते चिकटतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटची संधी उरली होती. रात्रभर विचार करून सकाळी सांगून टाकलं, "मी तो मजलाच काढून टाकते. दोन्हीकडून."

"कॉम्प्युटरवाल्यांनी काय पाप केलंय? ते दोन वर्षं थांबलेत."

"दोन वेगळी घरं मी एकटी सांभाळू शकत नाही, दादा."

"लोकांना शब्द दिलाय अगं."

"शब्द तू दिलास. निस्तरायचं मात्र मी."

हे बोलायला नको होतं. तेव्हाही कळत होतं, तरी बोलले. दुपारी तो फोन टेबलावरच ठेवून उठला आणि खिशातून टेप काढली.

"निदान मापं तरी नीट घेऊन ठेवतो. कधीतरी बांधूच. टोक धरतेस?"

"माझं काम चाललंय."

जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. वर टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला. मी मजला निवडला, डिलीट दाबलं. नक्की का, असं विचारणारी चौकट आली. मी हो म्हटलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तसाच गेम तिसऱ्या तपासणीला पाठवून दिला आणि बराच वेळ काम करत राहिले. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते लक्षात आलं. टेप ओढल्याचा आवाज आला होता. सोडल्याचा आलाच नव्हता.

मी जिन्याकडे गेले. अकरा पायऱ्या आणि पुढे भिंत. जुना गिलावा, कोपऱ्यात जळमटं. मी हाताने चाचपून पाहिलं. भिंत कोरडी, गार होती.

खाली दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला विचारलं, दादाला जाताना पाहिलंत का?

"नाही बाई. कुठे गेले होते?"

"वर."

"वर?" ती हसली. "तुमच्या वर काय आहे?"

रस्त्यावर जाऊन पाहिलं. इमारत आमच्या खिडक्यांपाशी संपत होती.

पोलिसांत तक्रार दिली. आई रोज विचारते, काही कळलं का. जुन्या प्रतीतून मी तो मजला गेममध्ये परत आणला, त्याच संध्याकाळी. भिंत हलली नाही.

तिसरी तपासणी आधीच पाठवलेल्या गेमची झाली. पास. 'सगळं थांबतं. अभिनंदन.'

आता गेम कन्सोलवर आहे. नवे खेळाडू लिहितात, छोटंसं पण पूर्ण झालेलं घर. वर कधी, असं त्यांच्यातलं कोणी विचारत नाही. पब्लिशर म्हणतो, पास झालेल्या गेमला आता हात लावू नका. मी लावते. रोज एकेक राखाडी ठोकळा काढून तिथे खरी भिंत बांधते. मजला पुरा झाला तर दादा खाली येईल, असं मला वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण मापं माझ्याकडे नाहीत. ती घ्यायला तो गेलाय.

म्हणून रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी कंट्रोलरची वायर काढते आणि टीव्हीचा आवाज बंद करून ऐकते. पहिले काही दिवस काहीच नव्हतं.

काल आलं. डोक्यावर, छतापलीकडे. खट्.

मी खुर्चीवरून उठले. "दादा!" मोठ्याने म्हटलं.

टेप पुन्हा ओढली गेली. मग त्याचा आवाज आला, नेहमीचाच, कामात गढलेला.

"टोक धर जरा."

तो माझ्याशी बोलत नव्हता. कारण त्यापाठोपाठ कोणीतरी सात पावलं चालत गेलं, आणि टेप ताणली गेली.