श्वास धरा

छातीचा एक्स-रे काढताना माझं बोलणं तीनच शब्दांचं. घ्या, धरा, सोडा. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा खाली सरकतो, फुफ्फुसं मोकळी दिसतात. पडद्याच्या वर दहा फासळ्या मोजता आल्या की फिल्म चांगली. देवपुरातल्या दवाखान्यात तेरा वर्षं हेच करतेय.

मंगळवारी दुपारी पारोळ्याकडचे हिलाल आबा आले, सोबत बायको पुष्पाबाई. साधा खोकला. मी आबांची छाती प्लेटला टेकवली, "घ्या... धरा" म्हटलं, बटण दाबलं आणि लाइट गेली. मी वैतागून जनरेटरकडे पळाले. त्यातलं डिझेल संपलेलं. या गडबडीत "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

वीस मिनिटांनी लाइट आली. परतले तर आबा तसेच उभे. खांदे पुढे, छाती फुगलेली. मला हसूच आलं.

"अहो आबा, सोडा की आता!"

त्यांनी सोडला नाही.

नाकाखाली हात धरला. वारा नाही. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर. दवाखान्यातले डॉक्टर धावत आले, त्यांनी पाठीवर थापा मारल्या, ओरडून पाहिलं, मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. आबा फक्त माझ्याकडे बघत होते, सांगितलेलं बरोबर करतोय ना, अशा नजरेनं.

"त्यास्ले सोड म्हन ना, माय," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुन्हं बठ्ठं ऐकतस त्या."

माझं सगळं ऐकतात म्हणे. मी आबांच्या कानाशी गेले. विनवलं. शेवटी रडतच म्हटलं, "आबा, सोडा ना हो."

आबांनी श्वास सोडला.

पुष्पाबाईंनी हात जोडले. मी भिंतीला टेकून खाली बसले.

श्वास सुटतच राहिला. पाच मिनिटं. दहा. छाती खोल जात होती, पोट वर ओढलं जात होतं. डॉक्टरांनी फिल्म काढायला लावली. फासळ्या सहा. थोड्या वेळानं पुन्हा काढली. तीन.

पुढच्या फिल्ममध्ये पडदा गळ्याच्या हाडाला टेकला होता. हृदयाची सावली कुठेच नव्हती. नाडी बहात्तर.

"घ्या," मी म्हणाले. "आबा, श्वास घ्या."

आबांनी मान हलवली. ते प्रयत्न करत होते. घ्यायला आत जागाच नव्हती.

"आते काय सांगशी, माय?"

पुष्पाबाईंनी माझा हात धरला.

मग त्यांनी पदराचं टोक आबांच्या तोंडासमोर धरलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही ते बाहेरच्याच बाजूला उडत होतं.