दहावा शब्द

"मेले ते यादीतून काढायचे म्हणजे काढायचे, अक्का! अर्धवट माहितीवर हिशेब बसत नाही."

"जिवंत होते तोवर रक्त काढलंत, आता नावं काढा!"

कचेरीच्या जीपचा म्हातारा ड्रायव्हर पोरांना हे अंधार पडल्यावरच सांगतो, तेही दार लावून. शनिवार होता. रात्रीचे पावणेबारा. पाहणीच्या कचेरीत अक्का आणि नवा साहेब भांडत होते.

अक्का वीस वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या घरी जाई. रक्ताचा नमुना घ्यायचा, मग चमचा, दोरी असे दहा शब्द वाचून दाखवायचे, घटकाभराने परत म्हणवून घ्यायचे. कारखान्याने डोकं पोखरतं का, याची ही पाहणी. जे जास्त विसरत, ते लवकर गेले. एकसष्ट जण. त्यांत अक्काचा सख्खा दादा. नव्या साहेबाने ते एकसष्ट गाळले, उरलेले तल्लख निघाले, आणि 'कारखान्यापासून धोका नाही' असा अहवाल सकाळी जाणार होता.

"वा रे गणित! नापास पोरं हाकलायची आणि निकाल शंभर टक्के लावायचा!" अक्का कडाडली. "अहो, मरण हाही निकालच आहे. रिकामा रकाना नव्हे."

"उगाच भावाचं दुःख मध्ये आणू नका—"

शेजारच्या दप्तरखोलीतून आवाज आला.

"चमचा..."

दाराला कुलूप होतं. किल्ली अक्काच्या कमरेला.

"दोरी..." दुसरा आवाज. "पायरी..." तिसरा.

साहेब दाराकडे वळला. "आत... कोण आहे?"

"माझी माणसं."

अक्का उठली. दारावर थाप मारली.

"एकेकाने बोला! बाजार नाही हा!"



मग एकच आवाज. घोगरा. अक्काने ओळखला. एक शब्द... दुसरा... नऊ झाले. दादा कायम इथेच अडायचा. विचारलं की कसनुसा हसायचा.

अक्काने दाराला कान लावला.

"...किल्ली."

तिने कुलूप उघडलं. दिवा लावला.

कुणी नाही.

टेबलावर एकच कागद. दादाचा, शेवटच्या वर्षीचा. दहाव्या शब्दापुढे अक्काने तेव्हा स्वतःच्या हाताने फुली मारली होती. त्या फुलीवर आता बरोबरची खूण होती. शाई ओली.

साहेब चौकट धरून उभा. "अक्का... असलं काही अहवालात नाही हो घालता येत."

अक्काने कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"ही शाई वाळायच्या आत एकसष्टच्या एकसष्ट मरणं अहवालात मांडा, साहेब, नाहीतर उरलेल्या साठ जणांना मी तुमच्या घरचा पत्ता देते."