दांड्यावरची सोबत

सासूबाईंना नवा गुडघा बसवला त्याला सहा महिने झाले होते, आणि त्या आता तो वसूल करायला निघाल्या होत्या. मुलाने कौतुकाने समुद्रकाठच्या गावी सहल काढली आणि पहिल्याच सकाळी ऑफिसचा फोन आला म्हणून लॅपटॉप उघडून हॉटेलच्या खोलीत बसला, तो बसलाच. आईला फिरवायचं काम आपसूक बायकोच्या गळ्यात पडलं.

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावायचं आणि त्यांची बोबडी गाऱ्हाणी ऐकायची, त्यातून चार दिवसांची सुट्टी मिळालेली. तिला नुसतं वाळूत आडवं पडायचं होतं, बाकी काहीही करायचं नव्हतं. सासूबाईंना मात्र गावाच्या नकाशावर जे जे छापलंय ते सगळं बघायचं होतं. दीपगृह झालं, तिवरांच्या जंगलातला लाकडी पूल झाला, कासवांचं केंद्र झालं. तिथे एकही कासव नव्हतं, तरी सासूबाई तासभर रिकाम्या हौदापाशी उभ्या राहून तिथल्या झाडूवालीला आपल्या ऑपरेशनची हकीकत सांगत होत्या. सून पिशव्या सांभाळत उन्हात उभी होती.

शेवटच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, समुद्रावरून धुकं सरकायला लागलं, आणि सुनेला वाटलं, सुटले.

"पक्ष्यांचं राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बूटही घातले होते.

पक्ष्यांचं अभयारण्य म्हणजे गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे पक्षी बघायची एक लाकडी झोपडी, आणि तिथून पुढे समुद्रात लांबवर घुसलेला वाळूचा अरुंद दांडा. फाटकावर एक वयस्कर रक्षक होता. गाडी बघून तो फारसा खूश झाला नाही.

"झोपडीपर्यंत जा," तो म्हणाला. "दांड्यावर पाऊल टाकू नका. पाणी फिरायची वेळ झालीय. ते समोरून येत नाही, मागून भरतं. कळत नाही."

"ऐकलंत ना, आई?" सून म्हणाली.

"मला काय ऐकू येत नाही का," सासूबाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

टेकड्यांमधून जाताना वारा पडला. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता, आणि कुठूनतरी, अगदी बारीक, पाणी झिरपल्यासारखा आवाज. झोपडी आतून चांगलीच अंधारी होती. भिंतीला आडव्या फटी, फटींसमोर बाक, पलीकडे समुद्राच्या बाजूला दुसरं दार. सासूबाई बाकावर टेकल्या आणि सून नवऱ्याला फोन लावायला बाहेर आली. आत रेंज नव्हती, बाहेरही नव्हती. ती फोन वर धरून झोपडीभोवती फिरत राहिली. एकदा त्याचा आवाज आला, "मीटिंगमध्ये आहे गं," आणि गेला.

आत सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या.

सुनेने कपाळाला हात लावला. या बाईला निर्जन वाळवंटात सोडलं तरी तिथे कोणीतरी भेटेल आणि त्याला गुडघ्याची गोष्ट ऐकावी लागेल. ती दारात आली तेव्हा बाकाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे फटीही नव्हत्या, तिथून कोणीतरी उठलं. राखाडी शाल डोक्यावरून घेतलेली एक बाई. समुद्राकडचं दार उघडलं, मिटलं. आत ओल्या लोकरीचा वास राहिला.

"गरीब आहे बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "अंगावरचं सगळं भिजलेलं. इथलीच आहे. ती म्हणते, दांड्याच्या टोकाला पिल्लं बाहेर आलीत. एवढ्यात काही पाणी येत नाही म्हणे."

"आई, रक्षक काय म्हणाला?"

"तो नोकर माणूस. त्याला फाटक बंद करून घरी जायचं असतं." सासूबाई उठल्या. "ती दाखवतेय, चल. पाच मिनिटांचं तर आहे."

"मी येणार नाही," सून म्हणाली.

"नको येऊस. बस इथे."

आणि दार उघडून त्या गेल्यासुद्धा. सुनेने दोन्ही पिशव्या उचलल्या, पाण्याची बाटली काखेत मारली, आणि नवऱ्याला मनातल्या मनात काय काय बोलत मागे निघाली.

दांड्यावर धुकं जास्त होतं. दोन्ही बाजूंना पाणी होतं, पण त्याला लाटच नव्हती. सासूबाई पुढे, काठी टेकत, आश्चर्य वाटावं इतक्या भराभर. त्यांच्या पुढे ती बाई. ती मागे वळत नव्हती, थांबत नव्हती, तरी अंतर तेवढंच राहत होतं.

"आई, सावकाश," सून ओरडली. "गुडघा माझा नाही, तुमचा आहे."

सासूबाईंनी नुसता हात हलवला.

वाळूवर पुढे पक्षी बसले होते, पांढरे, शेकड्यांनी, सगळे एकाच दिशेला तोंड करून. ती बाई त्यांच्यातून चालत गेली. सून ते बघत होती, पण आपण काय बघतोय हे तिला लगेच कळलं नाही. मग सासूबाई तिथे पोचल्या आणि सगळे पक्षी एकदम कलकलत उडाले.

ती बाई त्यांच्यामधून गेली होती, तेव्हा एकानेही मान वळवली नव्हती.

सुनेचा राग कुठल्या कुठे गेला. तिने मागे बघितलं. ज्या वाळूवरून त्या आल्या होत्या ती आता चकाकत होती, एखाद्या ताटासारखी, आणि तिच्यावर धुकं टेकलं होतं. वाळू नव्हतीच ती.

पिशव्या तिथेच टाकून ती धावली. सासूबाईंचा दंड तिने धरला तेव्हा त्या घोट्यापर्यंत पाण्यात होत्या.

"थांब गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज झोपेत असल्यासारखा होता. "हात करतेय ती... बघ ना... बोलावतेय."

सुनेने बघितलं नाही. का बघितलं नाही, ते तिला आजही सांगता येत नाही. तिने सासूबाईंना वळवलं आणि ओढायला सुरुवात केली. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग मांड्यांना. ते बर्फासारखं गार होतं आणि पायांखालची वाळू खेचत होतं. सासूबाईंची काठी गेली. त्या कण्हायला लागल्या आणि सून त्यांना बोलत राहिली, अखंड. कधी ऐकत नाही तुम्ही. कुणाचंही ऐकता, माझं सोडून. तुमच्या मुलाला सांगते आता, पुढच्या वेळी तू आण आईला. पाय उचला. नवीन आहे ना गुडघा, उचला मग. ती गप्प बसली असती तर रडली असती, आणि गप्प बसली असती तर तिला नीट ऐकू आलं असतं.

कारण पाण्यातून चालल्याचा आवाज तिघींचा येत होता.

ती थांबली की तो एक पाऊल उशिरा थांबायचा. ओल्या लोकरीचा वास अगदी मानेपाशी होता. "चला आई," ती म्हणाली, "चला... बोलू नका... चला." पायाला घट्ट जमीन लागली, गवत लागलं, आणि मागचा आवाज पाण्यातच थांबला.

फाटकावरचा रक्षक कंदील घेऊन टेकडीपर्यंत आला होता. त्याने त्यांना चौकीत बसवलं, घोंगड्या दिल्या, चहा टाकला. रागावला नाही. उलट तो इतका सौम्य वागत होता की सुनेला तेच सहन होईना.

"झोपडीत कुणी काही विचारलं का तुम्हाला?" त्याने चहा देताना हळूच विचारलं.

"कोण विचारणार?" सून म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"विचारलं की," सासूबाई म्हणाल्या. चहाने त्यांना जरा तरतरी आली होती. "तुझ्याबद्दल विचारत होती. बाहेर फिरतेय ती कोण, नाव काय तिचं."

रक्षकाने किटली खाली ठेवली. "मग तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. त्यात लपवायचं काय?"

"कागदावरचं सांगितलंत," तो म्हणाला, "का घरात हाक मारता ते?"

सासूबाई जरा ओशाळल्या. "घरातलंच. तेच तोंडात बसलंय."

रक्षक उठला आणि त्याने समुद्राकडची खिडकी लावून घेतली. सुनेने दोनदा विचारलं, तरी त्याने चहा गार होतोय एवढंच सांगितलं.

त्याच रात्री ते गाव सोडून निघाले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, दोघींची माफी मागितली, आणि भरतीच्या वेळी धुक्यात माणसाला भास होतात, असं समजावून सांगितलं. तिने वाद घातला नाही. फक्त घरी आल्यावर सगळ्यांना बजावलं, मला यापुढे पूर्ण नावानेच हाक मारायची. सासूबाईंना ते जमायला वेळ लागला, पण अपराधी वाटत असल्यामुळे त्यांनी जमवलं. आता ते घरातलं नाव घरात कोणी घेत नाही.

त्यांचं घर समुद्रापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे, इमारतीच्या वरच्या मजल्यावर. परवा दुपारी ती दवाखान्यातून जेवायला आली होती. नवरा कामावर, घरात दोघीच. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. ती ताट वाढून घेत होती तेवढ्यात त्या आतून वैतागून म्हणाल्या,

"अगं, जा ना बाल्कनीत. कधीची हाका मारतेय ती तुला."