सोमवारचा ताप

मे महिन्याचा उकाडा, आणि नम्रताच्या धाकट्या भावाला, स्वरूपला, हुडहुडी भरलेली. आईने दोन गोधड्या घातल्या, तिसरी नम्रताने आणली, तरी त्याचे दात वाजायचे थांबेनात. पाणी दिलं तर म्हणाला, पाणी गोड लागतंय. सकाळी मात्र गडी खडखडीत उठला आणि बॅट घेऊन थेट बंद पडलेल्या चिरेखाणीत खेळायला पळाला.

पंधरा दिवसांतली ही त्याची चौथी खेप. शेजारचे केरूआजोबा, नम्रताची मैत्रीण उमैमा हिचा धाकटा भाऊ तहा, वरच्या घरातली दोन पोरं, सगळ्यांची हीच तऱ्हा होती. दिवेलागणीला थंडी वाजून ताप, सकाळी गायब. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, मलेरिया निघाला नाही. विहिरीत पावडर टाकली, तरी फरक नाही.

मग वाडीचे प्रमुख आप्पा यांनी कारण शोधून काढलं. जुन्या चिरेखाणीच्या पलीकडच्या कडेला उमैमाची आई, नसीमाचाची, मासळी सुकवायची. त्या वासानेच रोग पसरतो, असं आप्पांनी ठरवलं. चार जणांनी जाऊन मासळी वाळत घालायच्या वलांडीच्या काठ्या उपटल्या आणि अर्धवट वाळलेले बोंबील खाडीत फेकले, तेही पावसाळ्याच्या तोंडावर. चाची अडवायला आली नाही. दारात उभी राहून बघत होती, असं उमैमाने नंतर सांगितलं.

त्यानंतरही स्वरूपला ताप आलाच. आप्पा म्हणाले, घाण जमिनीत मुरली आहे, उतरायला वेळ लागेल.

हे उत्तर नम्रताला काही पटलं नाही. आठवीत जाणाऱ्या मुलीला एवढं तर कळतंच! ती आणि उमैमा पहिलीपासून एका बाकावर बसत. पण गेले आठ दिवस उमैमा तिच्याशी तुटक बोलत होती. नम्रता भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्याकडे घेऊन गेली आणि म्हणाली, आपण दोघी मिळून शोधून काढू. उमैमाने बराच वेळ कॅलेंडरकडे पाहिलं. मग आतून पेन आणलं.

तापाच्या दिवसांवर त्यांनी गोल केले. तहाने आपल्या चारही तापांची तपशीलवार हकीकत सांगितली. सगळ्यात जास्त थंडी मलाच वाजली, असा त्याचा दावा होता. गोल पुरे झाले तेव्हा तिघंही कॅलेंडरवर वाकली. प्रत्येक गोल मंगळवारी किंवा शुक्रवारी होता.

"शुक्रवारी आमच्या होड्या जात नाहीत," उमैमा म्हणाली. "गुरुवारी सगळा माल बाजारात जातो. शुक्रवारी वलांडी रिकामीच असायची."

मंगळवारी आणि शुक्रवारी वाडीत आणखी काय होतं, ते नम्रताला ठाऊक होतं. पण ती बोलली नाही.

त्या दोन दिवशी तिच्या मागीलदारी सदूकाकाची भट्टी पेटायची. सदूकाका म्हणजे तिच्या बाबांचा धाकटा भाऊ. मुंबईचा ओतकामाचा कारखाना बंद पडला तसा तो गावी आला आणि तेलाच्या जुन्या पिंपाला आतून माती-तुसाचा लेप देऊन त्याने स्वतः भट्टी बनवली. मोडके नळ, व्हॉल्व्ह, बोटीचे फुटके पंखे असं पितळी भंगार मुशीत वितळवायचं आणि घंटा ओतायच्या. गणपतीपुळ्याची दुकानं त्या घेत. वाडीच्या देवळाला त्याने एक घंटा फुकट दिली होती. त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी सदूचं कौतुक. भात्याचा पंखा फिरवायचं काम नम्रताचं. पितळ पाण्यासारखं हलायला लागलं की ज्वाळा हिरवी व्हायची, आणि ती ते डोळे भरून पाहायची.

दुपारी खारा वारा सुटला की भट्टीचा पांढुरका धूर परसाच्या दगडी गडग्यावरून पलीकडच्या चिरेखाणीत उतरे. सुट्टी लागल्यापासून त्या खोल खाणीतच तर पोरं क्रिकेट खेळत आणि सावलीला केरूआजोबा बसत.

शेवटी तिने दोघांना हे सांगितलं. नुसत्या संशयावर बोलायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. मंगळवारी त्यांनी तीन जुन्या काळ्या छत्र्या उघडून ठेवल्या. एक विहिरीजवळ, एक चाचीच्या खळ्यात, एक खाणीतल्या करवंदीच्या जाळीवर. आप्पांनी हटकलंच. तहाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की थर्ड अंपायरला ऊन लागतं. आप्पा हसत निघून गेले.

संध्याकाळी पहिल्या दोन छत्र्यांवर नुसती लाल धूळ होती. तिसरीवर कापसाच्या तुसासारखी पांढरी भुकटी बसली होती. बोट ओढलं की रेघ उमटत होती.

"तुझे काका कारखान्यात होते," उमैमा म्हणाली. "त्यांना हे माहीत असेल."

नम्रता चिडली. माहीत असतं तर काका पहिल्याच दिवशी बोलला असता, असं तिने ठासून सांगितलं. मग ते सिद्ध करायचं तिनेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सदूकाका पडवीत बसून नव्या घंटेवर कानस मारत होता. नम्रता त्याच्या शेजारी अंग चोरून बसली.

"काका, मला थंडी वाजत्येय. तोंडही गोड गोड झालंय."

"दूध पी गरम, गुळाचा खडा खा आणि पड," तो मान वर न करता म्हणाला. "सकाळपर्यंत उतरेल."

मग त्याच्या हातातली कानस थांबली.

"सकाळी उतरेल हे तुला कसं माहीत?" नम्रताने विचारलं.

त्याने कानस खाली ठेवली. मग हळूहळू बोलला. पितळ जास्त तापलं की त्यातलं जस्त जळून धूर होतो. तो छातीत गेला की ताप येतो. रोज घेणाऱ्याला सवय होते, रविवारची सुट्टी झाली की सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा ताप येतो. कारखान्यात त्याला सोमवारचा ताप म्हणत. याने कुणी मरत नाही, असंही तो म्हणाला.

"म्हणून तू मला नाकाला ओला रुमाल बांधायचास? वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करायचास?"

"हो."

"आणि स्वरूप?"

काकाने मांडीवरचा पितळी कीस झटकला.

"चाचीचे बोंबील फेकले, तेव्हा तू तिथेच होतास."

"होतो," तो म्हणाला. "नमे, मला दुसरं काही येत नाही गो. एवढी घंटांची खेप पुरी होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना."

ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला होता, तो तिच्याकडे वर बघत नव्हता. नम्रता उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

रविवारी शाळेच्या पडवीत वाडीची बैठक होती. नम्रता कॅलेंडर आणि छत्री घेऊन उभी राहिली. उमैमाला घरून परवानगी नव्हती. तहा आला होता. नम्रताने गोल दाखवले, भुकटी दाखवली. नसीमाचाचीची वलांडी शुक्रवारी रिकामी असायची हेही सांगितलं. शेवटी भट्टीचं नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, पोरीला काय कळतं! तेव्हा मागे बसलेला सदूकाका उठला.

"ती खरं बोलत्येय. मला पहिल्यापासून माहीत होतं."

मग आप्पांनीच सावरून घेतलं. सदू आपलाच माणूस आहे, पोटासाठी करतो, चूक कुणाची होत नाही? भट्टी उद्यापासून बंद, विषय संपला. मग त्यांनी नम्रताची पाठ थोपटली. अशी हुशार मुलगी वाडीत आहे याचा अभिमान वाटतो, म्हणाले. टाळ्या पडल्या. पंधरा ऑगस्टला सत्कार करायचंही ठरलं.

"आप्पा, चाचीकडे कोण जाणार?" नम्रताने विचारलं.

"कशाला?"

"चूक झाली म्हणून सांगायला."

"झालं गेलं आता," आप्पा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

नम्रता तिथून थेट उमैमाच्या घरी गेली. सत्कार नको, हे ती आप्पांना सांगून आली होती. त्यांना तो विनय वाटला. नसीमाचाची ओट्यावर तांदूळ निवडत होती. तहा आधीच धावत येऊन सगळं सांगून मोकळा झाला होता.

"तू माझं नाव घेतलंस, ते कळलं," चाची म्हणाली. "आणखी कुणी घेतलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. नम्रताच्या ओठांवरही आलं होतं.

"कुणीच नाही, चाची."

चाचीने मान हलवली. सुपातला एक खडा उचलून तिने अंगणात टाकला.

"बस," ती म्हणाली. "उमैमा, हिला चहा दे."

उमैमा चहा घेऊन आली आणि नम्रताच्या शेजारी, पूर्वीसारखी अगदी लागून नाही, पण शेजारी बसली.