आयरिसला दिलेला आवाज

कल्व्हर सिटीतल्या त्या जुन्या थिएटरात दर बुधवारी दुपारी जुने संगीतपट लागत, आणि ऑर्विल पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीत ठाण मांडून बसे. त्याला ते सगळं मनापासून आवडायचं. कापडावर रंगवलेलं आभाळ, जिन्यावरून ठुमकत उतरणाऱ्या पोरी, भर पावसातही न विस्कटणारे केस. खोटं तर खोटं, पण काय झोकात!

आज मात्र पुड्याला त्याने हातही लावला नव्हता. आज सर्कशीतल्या पोरीचा सिनेमा होता. पडद्यावर आयरिस वेन गाणार होती, पण गळा होता थेल्माचा, म्हणजे ऑर्विलच्या बायकोचा. हा सिनेमा निघाला तेव्हा गावातल्या स्टुडिओत ही सर्रास पद्धत होती. थेल्माने आधी गाऊन ठेवायचं, आयरिसने त्यावर ओठ हलवायचे, आणि थेल्माने बाहेर चकार शब्द काढायचा नाही. पडद्यावर नावसुद्धा नाही. ऑर्विल तिथेच ध्वनिविभागात होता. तिच्या त्या आवाजावर भाळूनच तर त्याने लग्न केलं.

गेल्या हिवाळ्यात कर्करोगापायी थेल्माचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून आणि बोलणं नुसत्या ओठांनी. तिची एकही तबकडी कधी निघाली नव्हती. तिचा आवाज जगात उरला होता तो फक्त आयरिसच्या तोंडी.

"तू जा," ती सकाळी ओठांनीच म्हणाली होती. "मला नाही सोसणार."

गाणं आलं. व्हायोलिनं उठली. आयरिसने झोपाळ्यावर मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

आवाज नाही.

व्हायोलिनं वाजत होती, ओठ हलत होते, आणि थेल्मा त्यात कुठेच नव्हती. ऑर्विलने घाबरून शेजारी पाहिलं. शेजारची बाई रुमालाने डोळे टिपत होती.

"काय गोड गळा आहे हो," ती कुजबुजली.

तो धडपडत वर यंत्राच्या खोलीत गेला. सिनेमा चालवणारा मॅनी त्याचा जुना दोस्त.

"मॅनी, तिचा आवाज कुठे गेला?"

"कुठे जाणार? इथे भिंती हादरतायत! कान तपासून घे, म्हाताऱ्या."

"व्हायोलिनं ऐकू येतात मला. तुझी टवाळीसुद्धा ऐकू येतेय."

मॅनीचं हसू मावळलं. "घरी जा, ऑर्विल. थेल्मापाशी बस."

रस्त्यावर जकारंडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. ऑर्विलच्या डोक्यात नुसता गोंधळ. फीत खराब म्हणावी, तर बाई रडत का होती? कान गेले म्हणावेत, तर व्हायोलिनं कशी ऐकू आली? आणि थेल्माला काय सांगायचं, की तू तिथूनही गेलीस?

कोपऱ्यावर वळताना ते गाणं कानावर आलं.

थेल्माचा आवाज. तोच, ऐन पंचविशीतला. ऑर्विलला भडभडून आलं. तो घराच्या दिशेने जवळजवळ पळत सुटला. हिरवळीला पाणी घालणारा एक शेजारी नळी हातात तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिला.

ध्वनीत आयुष्य गेलेला माणूस तो. आवाजापाशी जावं तसा आवाज मोठा होतो, हे त्याला सांगायला नको. हा मोठा होत नव्हता. बारीकही होत नव्हता.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात थेल्मा बटाटे सोलत उभी होती. तिने वळून पाहिलं, आणि सुरी हातातून गळून पडली.

तिचं तोंड मिटलेलं होतं.

गाणं चालूच होतं.

ती हळूहळू जवळ आली. तिची ओली, गार बोटं ऑर्विलच्या गळ्यावर टेकली. बोटांखाली गळा सुरासुरागणिक थरथरत होता.

त्याने ओठ गच्च मिटले. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

गाणं थांबलं नाही.

थेल्माने डोळे पुसले. खिडकीतल्या उन्हाकडे वळून तिने मान मागे टाकली आणि ओठ हलवायला सुरुवात केली. एकही शब्द मागेपुढे होत नव्हता.