पंख उतरवला ती सकाळ

सूर्य वर आला की भीमेवरचं धुकं वितळेल, असा अनुपमाचा अंदाज होता. पण त्या सकाळी उलटंच झालं. धुकं नदीतून उठलं आणि हळूहळू शेतांवर पसरत गेलं. दौंडच्या अलीकडं खालचं सगळं दुधाळ दिसायला लागलं... तिच्या विमानाला ना दारं होती, ना खिडक्या. तीन चाकांचा एक सांगाडा, एकामागं एक दोन सीटा, पाठीशी इंजिन आणि डोक्यावर कापडाचा मोठा त्रिकोणी पंख — बस्स, एवढंच. समोर रस्ता दिसेना तसं तिनं पुढं जायचा हट्ट सोडला. धुक्याच्या कडेला एक मोकळं रान दिसलं, शेजारी बसलेल्या मेंढ्या दिसल्या, आणि तिनं इंजिन बारीक केलं.

चाकं टेकली छान. पण वाळल्या गवतात एक बांध लपला होता, तो काही वरून दिसला नव्हता. डावं चाक त्यावर चढलं, विमान कलंडलं आणि पंखाचं डावं टोक जमिनीत घुसलं. कट्‌कन काहीतरी वाजलं.

तिनं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं. मेंढ्या चौखूर उधळल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत एक तरुण धावत येत होता — पायांत स्लीपर, तोंडात ब्रश.

“मॅडम, लागलं का कुठं?” तोंडातला फेस सांभाळत त्यानं विचारलं.

“मला नाही. ह्याला लागलंय.” तिनं पंखाकडं बोट केलं. रडू यायला हवं होतं खरं... पण त्याच्या हनुवटीवरून पेस्टचा पांढरा ओघळ निघाला होता, आणि तिला हसूच आलं. ती का हसतेय हे त्याला कळलं, तसा तो पाठ फिरवून बाहीनं तोंड पुसायला लागला.

तो हनुमंत. ते रान त्याच्या वडिलांचं, रखमाजींचं. त्यांचं घराणं मेंढ्यांमागं फिरणारं; आता नदीकाठी विहीर होती, कांदा होता, आणि मेंढ्या थोड्या, सवयीखातर राखलेल्या. हनुमंत दौंडला रेल्वेत होता, रूळांच्या देखभालीवरचा इंजिनियर. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्याची आई रतनबाई चहा घेऊन आली, ही पोरगी एकटीच आभाळातून आली म्हणून तिनं दोनदा अनुपमाच्या गालावरून हात फिरवला, आणि थंडीनं कापतीये बघून आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली.

पंखाची पुढची डावी नळी वाकली होती. आता उडून जाणं नव्हतंच. तिला उडायला शिकवणारे चांगदेव आप्पा शिरूरहून पिकअप घेऊन येईपर्यंत पंख उतरवून, गुंडाळून ठेवायचा होता, आणि ते एकट्या माणसाचं काम नव्हे. हनुमंत न सांगताच पुढं झाला. तिनं त्याला सगळं दाखवलं. नाकाशी जोडलेल्या दोन लांब नळ्या, त्यांना फाकवून धरणारी आडवी नळी, आणि कापडाला फुगीर आकार देणाऱ्या बारीक बरगड्या. एकेक बरगडी कापडातून ओढून काढताना तो ती ओंजळीत धरल्यासारखी धरत होता. प्रत्येक बोल्टच्या टोकाला एक बारीकशी रिंग होती. ती कशाला, असं त्यानं विचारलं.

“नट ढिला झाला तरी निघून पडू नये म्हणून. वर थांबून आवळता येत नाही ना.”

“आमच्याकडं माणूस रोज चालत जातो,” तो म्हणाला. “रूळ जागेवर धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघत. एक जरी हललेली दिसली, तर गाडी थांबवायची. मग मागं कुणी का असंना.”

“म्हणजे तुम्ही पण माझ्यासारखेच. लोक पुढं बघतात, तुम्ही बोल्ट बघता.”

“व्हय. पण आमची गाडी मेंढ्यांत उतरत न्हाई.”

अनुपमा तळेगाव ढमढेरेची. डिप्लोमा करून सणसवाडीच्या एका कारखान्यात नोकरीला होती. तिचा रविवार मात्र न्हावरे रस्त्याला, आप्पांच्या मुरमाड माळावर जायचा. चांगदेव आप्पा हवाई दलात विमानांचे सांगाडे सांभाळून निवृत्त झालेले. विमान त्यांचंच, पण गुडघे गेले तसं त्यांनी उडणं सोडलं आणि सगळी विद्या ह्या पोरीच्या हातात घातली. कापड उन्हात ठेवायचं नाही, ओलं गुंडाळायचं नाही, घडी उघडली की आधी पाली-उंदरांनी घर केलंय का बघायचं... रागावणं त्यांना ठाऊकच नव्हतं. वाकलेली नळी बघून ते एवढंच म्हणाले, “तू सरळ हायस ना? मग नळी सरळ करू.”

घरी मात्र तिचे वडील पोपटराव गप्प झाले. उसाचा बागायतदार, सोसायटीत शब्दाला मान असलेला माणूस. पण लेक आभाळात आहे म्हटलं की दिवसभर त्यांना घास जायचा नाही. त्यांनी तिला कधी अडवलं नव्हतं, आणि कधी माळावर पाऊलही टाकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते बोलले. पंख नीट झाला की सांग, मी स्वतः मागं बसतो, आणि मग ठरवू हे चालू ठेवायचं का न्हाई. आप्पांनाही ते पटलं. घरच्यांच्या मनाविरुद्ध माझ्या माळावरून कुणी उडायचं नाही, असं त्यांनी तिला आधीच बजावलेलं होतं.

नवी नळी यायला वेळ लागला. ती आली त्या रविवारी हनुमंतही आला — चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून, मोटरसायकलवर. मेंढ्यांच्या वाडग्याच्या कुंपणाजवळ तिचा पाना राहिला होता, तो द्यायला. पाना दिला, चहा झाला... आणि संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता. पुढच्या रविवारी तर विसरलेलं काहीच नव्हतं, तरी आला.

पंखाच्या तारा तपासायची एक पद्धत होती. मऊ फडकं तारेवरून हलकेच ओढत न्यायचं. एखादा बारीक धागा तुटलेला असेल तर तो फडक्याला अडकतो. अनुपमा वरून सुरुवात करायची, हनुमंत खालून. बोलणं नसायचं. दोघांची फडकी हळूहळू जवळ येत जायची... मग मध्यावर बोटं बोटांना लागायची. पहिल्या तारेला तिनं हात चटकन मागं घेतला. पुढच्या तारेला जरा उशिरा. शेवटच्या तारेला आप्पा खोकले.

पंख उभा राहिला, पण उडवून बघितला तर डावीकडं ओढत होता. नवी नळी आणि जुनी नळी यांचं अजून जमत नव्हतं. मग आप्पांनी बरगड्या बाहेर काढायला लावल्या. प्लायवुडवर काढलेल्या आकारावर एकेक ठेवायची, जिथं फरक दिसेल तिथं गुडघ्यावर हलकेच वाकवायची, पुन्हा ठेवायची. अनुपमा एक डोळा मिटून नव्या नळीच्या टोकाशी गाल लावून बघत होती. मान वर केली तर समोर हनुमंत जमिनीवर पालथा, दुसऱ्या टोकाला गाल लावून, एक डोळा मिटून.

“हे काय?”

“रूळ असाच बघतो आम्ही. वाकडेपणा झोपल्यावरच दिसतो.”

“मग काय दिसलं?”

“नळी सरळ हाय.” तो थांबला. “पलीकडलं... नीट सांगता येत न्हाई. अजून जरा बघावं लागंल.”

अनुपमा बरगडी उचलून उलट्या टोकानं कापडात घालायला लागली.

शेवटची दुरुस्ती शनिवारी दुपारी झाली. डाव्या जोडाचा मोठा बोल्ट सोडून नळी केसभर फिरवायची होती. तो जोड कापडाच्या आत, बाहेरून न दिसणारा. हात आत घालून हनुमंतानं बोल्ट बसवला, नट आवळला. तेवढ्यात त्याला दौंडहून फोन आला, ड्यूटीवर लगेच बोलावणं होतं. “झालं,” असं म्हणून तो निघाला. अनुपमानं त्याच्या शब्दावर कापड ताणलं.

रविवारी पहाटे हवा अगदी स्थिर होती. ती एकटी वर गेली, एक फेरी मारली, दोन्ही हात क्षणभर सैल सोडले — पंख सरळ चालला. तिचे डोळे भरून आले. खाली उतरली तर पोपटराव जीपमधून उतरत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, टोपी मात्र हातात. आप्पांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. अनुपमानं इंजिन चालू केलं...

तेवढ्यात माळाच्या कडेनं धुरळा उडवत मोटरसायकल आली. हनुमंत ती तशीच आडवी टाकून दोन्ही हात वर करून समोर उभा राहिला.

तिनं इंजिन बंद केलं.

“डाव्या बोल्टची रिंग,” तो धापा टाकत म्हणाला. “फोन आला तवा... घातली का न्हाई, आठवत न्हाई मला. रस्त्यात सारखा फोन लावत व्हतो, लागला न्हाई.”

“मी आत्ता एक फेरी मारून आले.”

“एकदा गेली, म्हणून दुसऱ्यांदा जाईलच असं न्हाई. मला खात्री न्हाई, अनुपमा. त्यांना उतरवा.”

ती आप्पांकडं वळली. आप्पांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “पंख उतरवा,” ते म्हणाले.

बरगड्या निघाल्या, कापड सैल झालं. पोपटराव लांब उभे राहून बघत होते. तिनं आत हात घातला, चाचपडलं... रिंग तिथंच होती. नीट, पुरती बसलेली.

ऊन वर आलं होतं, वाराही सुटला होता. आता उडणं नव्हतं. पोपटरावांनी टोपी घातली आणि जीप काढली. तिचा मग तोल गेला. एवढ्या मुश्किलीनं बाबा आले होते, आता ते परत यायचे नाहीत, एक साधी गोष्ट लक्षात राहिली नाही का — असं बरंच काही ती बोलली. हनुमंतानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. सगळ्या बरगड्या क्रमानं लावून ठेवल्या, मोटरसायकल उचलली आणि गेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पोपटराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तो पोरगा कोण, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं — गाव, घर, नोकरी. एवढंच सांगायचं होतं, पण सांगता सांगता बरंच जास्त निघून गेलं. ते ऐकत राहिले.

“गप बसला असता तर कुणाला कळणार व्हतं?” ते शेवटी म्हणाले. “माझ्यासारख्या परक्या माणसादेखत त्यानं स्वतःची चूक झाली आसंल म्हणून सांगितलं. चूक झाली बी नव्हती. तरी तुझी बोलणी खाल्ली.”

अनुपमा खाली बघत होती.

“तुला वर बघवत नव्हतं मला, ते कशापायी, सांगू? वाटायचं, तिथं तुझ्यासाठी भिणारं कुणी न्हाई. सगळे आपले हौशी. आज बघितलं... हाय एक जण.” ते खुर्चीतून उठले. “उद्या सुट्टी टाक. मी येतो परत.”

तिनं लगेच हनुमंताला फोन लावला. पलीकडं गाडीची शिट्टी ऐकू येत होती. उद्या पंख पुन्हा उभा करायचाय, येणार का, असं तिनं विचारलं. त्याला विश्वास बसेना.

“मी उद्या मोकळाच हाय. पण रागावला व्हता ना तुम्ही?”

“होते. आता नाहीये. काय आहे ते फोनवर नाही सांगणार.”

सकाळी त्यांनी पंख उभा केला. ह्या वेळी हनुमंत प्रत्येक रिंगवर बोट ठेवून मोठ्यानं सांगत होता आणि अनुपमा मागोमाग स्वतः बोट ठेवत होती. आप्पा खुर्चीत बसून ऐकत होते, एखाद्या भजनाला बसल्यासारखे. मग पोपटराव बसले, आणि विमान मुरमावरून उचललं गेलं.

वर गेल्यावर आधी त्यांनी तिचे खांदे घट्ट धरले होते. घोड नदीचं वळण खाली आलं, उसाचे हिरवे तुकडे आले, पाण्यात ऊन चमकलं... तशी पकड सैल होत गेली. शेवटी खांद्यावर नुसता तळवा राहिला. लहानपणी सायकल शिकवताना ते असाच हात ठेवायचे. तो तळवा जड नव्हता, पण तिला समोरचं नीट दिसेना इतकं पाणी डोळ्यांत आलं. किती जणांच्या हातांनी ती इथवर आली होती.

खाली उतरल्यावर पोपटरावांनी आधी पंखाला हात लावून नमस्कार केला, मग आप्पांना. दोघं चहाला शेडकडं गेले. पंखाशी हे दोघंच उरले.

“बोला,” हनुमंत म्हणाला. “फोनवर न सांगायचं ते.”

“आभार मानायचे होते.”

“कशाचे? रिंग तर जागेवरच व्हती.”

“म्हणूनच.” तिनं तारेवर हात ठेवला. “नसती, तर सगळ्यांनीच मानले असते. ती असूनही मला मानायचेत... तुम्ही इतकं भ्यायलात म्हणून.”

तो बराच वेळ नखानं तारेवरची धूळ खरवडत राहिला.

“पहिल्या दिवसापासून भितोय,” तो म्हणाला. “तुमचं विमान कलंडलं तवा नाव बी म्हाईत नव्हतं, तरी पळत आलो. आता नाव म्हाईत हाय, घर म्हाईत हाय... आता लई भीती वाटती. दौंडला रुळावर उभा असलो तरी आभाळ बघतो. हे असंच ऱ्हायलं तर चालंल का तुम्हाला?”

“जन्मभर?”

“जमलं तर.”

तिनं त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि ह्या वेळी काढली नाहीत.

शेडमधून पोपटराव त्यांना चहाला बोलवायला वळले होते. त्यांनी बघितलं. क्षणभर तसेच उभे राहिले... मग आप्पांना ऊसतोडीच्या टोळीचं काहीतरी विचारत त्यांनी सावकाश खुर्ची फिरवली आणि माळाकडं पाठ करून बसले.