अठरा मतं उरली

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या काखेत एक उसवलेली मतपेटी होती.

आमच्या छापखान्यात दरवर्षी कामगार समितीची निवडणूक होते. जागा नऊ. ज्या पॅनेलला मतं जास्त, त्याला नऊच्या नऊ. मशीन विभागात माणसं आमच्या दुप्पट, त्यामुळे आम्ही बाइंडिंगवाले अगदी नेमाने हरायचो. मतपेटी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, आणि गेल्या वर्षी मोजणीनंतर त्याची एक कड उकलली. ती चिकटवून घ्यायला तो माझ्या टेबलाशी आला. मशीनवरचा, नखांत कायम शाई... म्हणून सगळे त्याला शाईबुवा म्हणतात.

मी कापडी पट्टी कापली, सरस लावला आणि तोंडही चालवलं. आमच्या पन्नास-साठ मतांचं तुम्ही काय करता हो, रद्दीत घालता?

तो हसला नाही. पट्टी वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला. "खरंच... कुठे जातात ती?" असं स्वतःशीच पुटपुटला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मी सरसाची बोटं पुसायची विसरले.

मग त्याचं येणं सुरू झालं. कधी फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या बघायला, कधी उगाचच. मावशी म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणायच्या, मशीनची शाई आपल्या कोऱ्या कागदांना लागायला लागली गं. मी रागवायचे. खोटं खोटं.

यंदा मात्र मालकांनी बाइंडिंग बंद करून ते काम बाहेर द्यायचं काढलं. विभाग बंद करायला समितीच्या नऊपैकी सात सह्या लागतात, आणि मशीनवाल्यांना त्या बदल्यात नवं मशीन मिळणार होतं. म्हणजे सह्या झाल्यातच जमा. नोकरी गेली की मला दादाकडे, दुसऱ्या गावी जावं लागणार. हे त्याला सांगताना माझा आवाज फाटला, त्याचा मला अजून राग येतो.

निवडणुकीआधीच्या सभेत तो उठला आणि म्हणाला, यापुढे मतांच्या प्रमाणात जागा द्या. आपण एकशे ऐंशी माणसं, म्हणजे वीस मतांना एक जागा. शेवटची जागा ज्याची जास्त मतं उरतील त्याला. त्यांचा फोरमन खवळला. पण आपण काय यांना घाबरतो की काय, असं त्याच्याच लोकांनी म्हटलं आणि ठराव पास झाला.

मोजणी झाली. मशीन एकशे बावीस, आम्ही अठ्ठावन्न. मावशींनी बोटांवर हिशोब मांडला. त्यांच्या सहा जागा, वर उरली दोन मतं. आमच्या दोन जागा, वर उरली अठरा. नववी जागा आमची. त्यांच्या सहाच सह्या झाल्या, विभाग वाचला. मावशी मटकन खाली बसून रडल्या. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला, आणि कित्येक दिवसांनी मला भूक लागली.

मग माझं लक्ष भिंतीवरच्या उमेदवारांच्या यादीकडे गेलं. जागा यादीतल्या क्रमानेच मिळणार होत्या. मशीन पॅनेलमधलं सातवं नाव, जे आता गळालं होतं, ते त्याचं होतं.

थोड्या वेळाने तो मतपेटी घेऊन आला. पट्टी शाबूत होती, आणायचं काही कारणच नव्हतं.

"सातवी सही तुमची असती," मी म्हटलं. "केली असतीत?"

"नाही."

"मग तुम्हीच वाचवलं असतंत की आम्हाला. जागा गेल्याचं वाईट नाही वाटत?"

"उलट सुटलो." तो नखातली शाई खरवडत राहिला. "तुमची नोकरी माझ्या एका सहीवर लटकली असती. मग मला जे विचारायचंय ते... विचारता आलं नसतं. तुम्ही हो म्हणाला असतात, तरी जन्मभर वाटत राहिलं असतं — सहीसाठी म्हणाली."

माझे कान तापले. "आता नाही ना सही. विचारा की."

"माझ्याशी लग्न कराल?"

मी सरसाचा ब्रश खाली ठेवला. "माझ्याकडे एकच मत आहे," मी म्हटलं, "आणि ते तुला."

त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी कुणाला सांगणार नाही. मग हळूच म्हणाला, घरात आई आहे, तिचं पॅनेल फार जुनं आहे.

"घेऊ की वाटून," मी म्हटलं. "प्रमाणात."

पुठ्ठ्यांच्या ढिगाआडून मावशींना हसू आवरेना. आणि तो मतपेटी माझ्या टेबलावर विसरून गेला.